जळगावची चटई, दोन फ्री झोन आणि सोळा महिने

आमचा जळगाव एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने तो उभा केला. काका आता नाहीत. कारखाना माझे यजमान बघतात, हिशेब आणि निर्यात माझ्याकडे असते. माल बऱ्याच वर्षांपासून पूर्व आफ्रिकेत जातो, पण तिथले छोटे व्यापारी एका वेळी चाळीस फुटी कंटेनरभर चटया घेत नाहीत. ते दुबईला येतात आणि बादल्या, भांडी, कापड, चटया असा मिसळ कंटेनर भरून नेतात. आमचा माल तिथेच तयार असला तर मधला व्यापारी टळेल, एवढाच विचार होता. जून 2024 मध्ये तो ठरला आणि आमच्या स्वतःच्या नावाने दुबईच्या जेबेल अली बंदराशेजारच्या गोदामात पहिला कंटेनर रिकामा झाला सप्टेंबर 2025 मध्ये. मधल्या सोळा महिन्यांत काय झालं ते लिहून ठेवते आहे. मी शोधत होते तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) चाळीसच्या वर फ्री झोन, म्हणजे वेगळे नियम आणि करसवलती असलेले व्यापारी परिसर आहेत आणि प्रत्येकाचं प्राधिकरण वेगळं, नियम वेगळे, लायसन्स वेगळं. एका झोनचं लायसन्स सहसा त्या झोनच्या कुंपणापुरतं असतं. म्हणून आपला माल प्रत्यक्ष कुठे उतरणार, कुठे राहणार आणि कुठून पुढे जाणार, हे कागदावर काढल्याशिवाय कोणालाही फी देऊ नका. आम्ही हे उलट केलं.

आम्हाला एक सल्लागार भेटले. दुबईचा खर्च जास्त, त्यापेक्षा उत्तरेकडच्या एका अमिरातीतल्या फ्री झोनचं पॅकेज घ्या, असं त्यांनी सुचवलं. एक लायसन्स, सामायिक टेबल आणि एका व्हिसाची सोय, सगळं मिळून साधारण 13 हजार दिरहम. तेव्हाच्या भावाने तीन लाख रुपयांच्या आसपास. "एकदा यूएईचं लायसन्स मिळालं की सगळीकडे चालतं," हे त्यांचं वाक्य मला अजून आठवतं. मी ते लेखी मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित तिथेच गोष्ट स्पष्ट झाली असती.

"क्रेडिट कार्डाने आजच भरून टाका, सवलत मिळेल," असंही ते म्हणाले होते. आमच्या सीएंनी हात धरून थांबवलं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. भारतातल्या कंपनीने परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर ते ऑगस्ट 2022 पासून लागू असलेल्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांप्रमाणे, अधिकृत बँकेमार्फतच घालावं लागतं. आधी एफसी नावाचा फॉर्म भरायचा, त्यावर रिझर्व्ह बँकेकडून एक नंबर मिळतो, त्याला युआयएन म्हणतात. तो हातात आल्यावरच पैसे पाठवायचे. कार्डाने भरून मोकळं झालो असतो तर पुढे प्रत्येक कागदावर तो डाग राहिला असता.

बँकेची आमची जळगावची शाखा वीस वर्षांची ओळखीची, पण परकीय गुंतवणुकीची फाईल तिथे होत नाही, ती मुंबईच्या शाखेत जाते. जुलैत फाईल दिली. तीनदा परत आली. एकदा संचालक मंडळाच्या ठरावात गुंतवणुकीची रक्कम फक्त दिरहममध्ये होती म्हणून, एकदा ऑडिटरच्या दाखल्याचा नमुना जुना म्हणून, आणि तिसऱ्यांदा सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नाही म्हणून. नानांची सही वयाबरोबर बदलली आहे. युआयएन यायला सप्टेंबर उजाडला.

तोवर दुसरीकडे काकूंचं प्रकरण सुरू होतं. कंपनीचा खरा मालक कोण, हे तिकडच्या प्राधिकरणाला कळवावं लागतं. 25 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सगळं. आमच्याकडे नानांचे 40 टक्के आणि काकूंचे 30 टक्के. काका गेल्यावर त्यांचे शेअर काकूंच्या नावावर झाले होते. काकू अमळनेरच्या. वय 68, पासपोर्ट कधी काढलाच नव्हता. मी अर्ज घेऊन समोर बसले तेव्हा त्या म्हणाल्या, "मले कथा जानं शे माय दुबईले?" (मला कुठे जायचंय गं दुबईला?) त्यांना समजावणं सोपं होतं. कठीण होतं ते नाव. भागधारकांच्या नोंदवहीत त्यांच्या नावामागे "बाई" लागलेलं, आधार कार्डावर नुसतं नाव, आणि मतदार यादीत माहेरचं आडनाव. खान्देशात आपल्या घरोघरी हे असंच आहे, आणि कोणाचं त्यावाचून कधी अडलेलं नसतं. शंभरच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र, आधारप्रमाणे कंपनीच्या नोंदवहीत दुरुस्ती, तिचा ठराव, मग पासपोर्टचा अर्ज, पोलीस पडताळणी. पाच आठवडे. तुमच्या कंपनीत आई, काकू, आजी भागीदार असतील तर पहिल्या दिवशी त्यांची सगळी ओळखपत्रं एका ओळीत मांडून बघा आणि नावातलं एकेक अक्षर ताडून घ्या.

नंतर साक्षांकन. भागधारक भारतीय कंपनी असल्यामुळे आमचा नोंदणी दाखला, घटनापत्रक आणि नियमावली, संचालक मंडळाचा ठराव आणि माझ्या नावाचं मुखत्यारपत्र अशा चार कागदांवर आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला यूएईचा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, अशी उतरंड असते. पुष्कळ देशांना चालणारा अपोस्टिलचा शिक्का इथे चालत नाही, पूर्ण उतरंड चढावी लागते. कंपनीच्या कागदांचं दूतावासाचं शुल्क हे शैक्षणिक किंवा लग्नाच्या दाखल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. मी नातेवाइकांच्या नोकरीच्या अनुभवावरून वीस-पंचवीस हजार धरले होते. एजंटच्या फीसकट चार कागदांचे सव्वादोन लाख झाले. म्हणून झोनला नेमके कोणते कागद साक्षांकित हवेत त्याची यादी ईमेलवर घ्या. एक कागद कमी झाला तरी फरक पडतो. या कामासाठी मी रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने तीनदा मुंबईला गेले. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, काम करायचं आणि रात्रीच्या गाडीने परत.

14 ऑक्टोबर 2024 ला लायसन्स मिळालं. ईमेलमध्ये आलेली पीडीएफ नानांनी छापून देव्हाऱ्यात ठेवली.

दिवाळीनंतर मी व्हिसासाठी दहा दिवस गेले. वैद्यकीय तपासणीत रक्त आणि छातीचा एक्सरे, मग बोटांचे ठसे, मग एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र. हे सगळं इतकं सुरळीत झालं की लिहिण्यासारखं काही नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा व्हिसा घेऊन सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो रद्द होतो. आणि तिकडे 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, शुक्रवारी दुपारपर्यंतच कामकाज चालतं. शारजात तर शुक्रवारही बंद. माझे पहिल्याच खेपेला दोन दिवस असे वाया गेले.

बँक खातं मात्र परीक्षा बघणारं निघालं. पहिल्या बँकेने सात आठवडे कागद मागितले आणि डिसेंबरअखेर नकार दिला, कारण सांगितलं नाही. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी खूप रडले. आपण काही लपवत नाही आणि तरी आपल्यावर संशय घेतला जातोय, असं वाटत होतं. दुसऱ्या बँकेत जाताना मी फाईल बदलली. नुसते दाखले देण्याऐवजी कारखान्याचे फोटो, तीन वर्षांचे ताळेबंद, निर्यातीची शिपिंग बिलं, आफ्रिकेतल्या ग्राहकांशी झालेला पत्रव्यवहार, आणि एका पानावर माल कुठून कुठे जातो आणि पैसा कुठून कुठे येतो याची आकृती. तिथल्या अधिकारीबाईंनी ती आकृती बघून विचारलं, "माल जेबेल अलीला राहणार, पण तुमचं लायसन्स तर तिथलं नाही?" मी सांगितलं, सल्लागार म्हणाले चालतं. त्या काही बोलल्या नाहीत. खातं 11 फेब्रुवारी 2025 ला उघडलं, किमान शिल्लक 50 हजार दिरहम ठेवण्याच्या अटीवर.

दरम्यान 9 जानेवारीला कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी केली. 1 मार्च 2024 नंतर स्थापन झालेल्या कंपनीला तीन महिन्यांची मुदत असते, चुकली तर 10 हजार दिरहम दंड. फ्री झोनमध्ये कर नाही असं सगळेच सांगतात. नोंदणी आणि विवरणपत्र तरीही भरावंच लागतं, आणि शून्य टक्के दरही अटींवर मिळतो. त्या अटींकडे पुढे येते.

फेब्रुवारीच्या शेवटी पहिला कंटेनर भरून तयार होता. ट्रेलर कारखान्याच्या दारात, धुळे-नाशिकमार्गे न्हावा शेवाला निघणार, आणि फॉरवर्डरचा, म्हणजे जहाजाने माल पाठवण्याची व्यवस्था बघणाऱ्याचा, फोन आला, "ताई, माल घेणाऱ्या कंपनीचा जेबेल अलीचा कस्टम्स कोड पाठवा, बीएल थांबलंय." कस्टम्स कोड म्हणजे माल घेणाऱ्याचा सीमाशुल्क खात्यातला नोंदणी क्रमांक, आणि बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजाने जाणाऱ्या मालाची पावती. मी लायसन्स पाठवलं. पाच मिनिटांत परत फोन. हे लायसन्स दुसऱ्या झोनचं आहे, जेबेल अली फ्री झोनमध्ये तुमच्या नावावर गोदाम घेता येणार नाही, माल ठेवता येणार नाही, दुबई कस्टम्सचा कोड नाही. सल्लागारांना फोन केला तर ते म्हणाले, "मग तिथे ब्रँच काढा, मी करून देतो." त्यांच्याशी आमचं ते शेवटचं बोलणं.

त्या कंटेनरचं काय केलं ते सांगते, कारण हा मार्ग छोट्या कारखानदाराला खरोखर उपयोगी आहे. जेबेल अलीत स्वतःचं लायसन्स असलेल्या लॉजिस्टिक कंपन्या दुसऱ्यांचा माल भाड्याने सांभाळतात. त्यांच्या कोडवर माल उतरतो, ते जागेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे पैसे घेतात. आम्ही एका कंपनीशी करार केला आणि सहा महिने तसंच चालवलं. सुरुवात इथूनच केली असती तर पहिल्या वर्षी कुठल्याच झोनचं लायसन्स घ्यावं लागलं नसतं, आणि माल खरंच खपतो का तेही कळलं असतं. आमचा खपला, म्हणून पुढचं पाऊल टाकलं.

जेबेल अली फ्री झोन, ज्याला सगळे जाफ्झा म्हणतात, 1985 पासूनचा आहे आणि बंदराला लागूनच आहे. तिथे ब्रँच काढायची की नवी कंपनी, हा प्रश्न होता. नवी कंपनी म्हणजे पुन्हा भांडवल, भारतात पुन्हा कळवाकळवी आणि करासाठी वेगळी नोंदणी. ब्रँच ही कायद्याने तीच कंपनी असते, त्यामुळे करनोंदणी एकच राहते. पण लायसन्स, गोदामाचा भाडेकरार, माणसांच्या व्हिसासाठी लागणारं आस्थापना कार्ड आणि कस्टम्स कोड हे सगळं ब्रँचला वेगळंच लागतं. आम्ही ब्रँच निवडली.

मार्च पूर्ण रमजानचा होता, कार्यालयांची वेळ कमी, मग ईद. फाईल एप्रिलमध्ये हलली. जाफ्झाने मूळ झोनकडून तीन कागद मागितले. कंपनी सुस्थितीत असल्याचा दाखला, ब्रँच काढायला हरकत नसल्याचं पत्र, आणि ब्रँच काढून व्यवस्थापक नेमल्याचा साक्षांकित ठराव. आणि इथे परत एक गाठ बसली. मूळ कंपनीच्या लायसन्सवर जो व्यवसाय लिहिलेला असतो, तोच ब्रँचला करता येतो. सल्लागारांनी आमच्या लायसन्सवर घरगुती वस्तूंचा व्यापार लिहिला होता, आम्हाला हवं होतं त्यातलं चटया आणि गालिच्यांचं कलम. आधी मूळ लायसन्समध्ये बदल, त्याची फी, नवीन प्रत, मग त्यावर हरकत नसल्याचं पत्र. पाच आठवडे. ज्या झोनचं लायसन्स घ्याल, तिथली व्यवसायांची यादी स्वतः उघडून वाचा. कंटाळवाणी असते, पण वाचा.

जूनमध्ये गोदामाचा करार झाला. इथे खर्चाचा खरा डोंगर असतो. लायसन्सची फी भाड्यापुढे किरकोळ वाटते. भाडं वर्षाचं, वर अनामत. आम्ही सगळ्यात लहान आकाराचं गोदाम घेतलं आणि तरी पहिल्या वर्षाचा आकडा बघून यजमान दोन दिवस गप्प होते. त्यांची भीती मला कळत होती. तेवढ्यात इथे एक नवीन लूम आली असती.

जुलैत बातमी आली की दुबईच्या फ्री झोन परिषदेने "वन फ्रीझोन पासपोर्ट" सुरू केला, एका झोनच्या लायसन्सवर दुबईतल्या दुसऱ्या झोनमध्ये काम करता येईल. लुई व्हितों ही त्याखाली पहिली कंपनी ठरली, जाफ्झातलं तिचं गोदाम आधीच्याच लायसन्सवर सुरू झालं. मी लगेच विचारणा केली. आमच्या कामाचं नव्हतं, कारण ही सोय दुबईतल्या झोनांमध्येच आहे आणि आमची मूळ कंपनी दुसऱ्या अमिरातीत. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सुरुवातीचे लाख-दीड लाख वाचवायला गेलो आणि ज्या दारातून आत जाता आलं असतं ते दारच आपल्यासाठी नव्हतं. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे नक्की विचारावं. दोन-तीन झोनांमध्ये काम वाढण्याची शक्यता असेल, तर ते सगळे झोन एकाच अमिरातीत असण्याला किंमत आहे.

आता कराच्या अटी. गोदाम कुठे आहे याला करातही महत्त्व आहे. व्हॅटच्या कायद्यात काही फ्री झोनांना "डेझिग्नेटेड झोन" म्हणून जाहीर केलं आहे, सगळ्यांना नाही. जाफ्झा त्या यादीत आहे. अशा झोनमधून, पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला माल वितरित केला, तर त्या उत्पन्नावर शून्य टक्के कॉर्पोरेट टॅक्स मिळू शकतो. पण त्यासाठी तिथे खरंखुरं काम, माणूस आणि जागा असावी लागते, आणि हिशेब ऑडिट झालेले लागतात. एरवी 3 लाख 75 हजार दिरहमवरच्या नफ्यावर 9 टक्के. म्हणजे माल जेबेल अलीत आणि कंपनीचं कामकाज म्हणजे दुसऱ्या अमिरातीतलं एक सामायिक टेबल, अशा रचनेवर ही सवलत सांगताच आली नसती. ब्रँचचा खर्च मला इथे पटला.

कस्टम्सचा कोड ऑगस्टमध्ये मिळाला. 15 जून ते 15 सप्टेंबर तिकडे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कंटेनर पहाटे लावायचा असं ठरलं. सप्टेंबरमधल्या त्या सकाळी मी गोदामात होते. सील तोडलं, दार उघडलं आणि आपल्या कारखान्याचा तो गरम प्लास्टिकचा वास बाहेर आला. मी व्हिडिओ कॉल लावला. नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. काकूंनी विचारलं, गठ्ठे ओले तर नाही झाले? नव्हते झाले.

इकडचं कामही वाढतं, ते धरून चला. दरवर्षी 15 जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेचं एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण, 31 डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे एपीआर. पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत द्यायचं. आपलीच कंपनी आपल्याच कंपनीला माल विकते, म्हणून भाव बाजारभावासारखा आहे हे दाखवावं लागतं, त्याचा सीएचा अहवाल वेगळा. आम्ही त्यासाठी दुसऱ्या व्यापाऱ्यांना दिलेल्या भावाची बिलं वर्षभर एका फाईलला लावून ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये मूळ लायसन्सचं नूतनीकरण आलं. मूळ कंपनीचं लायसन्स संपलेलं असेल तर ब्रँचचंही नूतनीकरण होत नाही, आणि दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या. आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ऑक्टोबरला लाल आणि जूनला हिरवी खूण आहे, दोन्हींच्या साठ दिवस आधी एकेक निळी. एपीआर 22 डिसेंबरला भरला. संक्रांतीनंतर पुढचा कंटेनर निघेल, त्याच्या बीएलवर आता आमचाच कोड आहे.